वळणावरची वाळू

पडल्या त्या बाई, आणि माफीही त्यांनीच मागितली. डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारची ही गोष्ट. जपानमधल्या मिउरा द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, अकिया गावाजवळच्या एका वळणावर, वाऱ्याने समुद्रकाठची वाळू उचलून रस्त्यावर आणून टाकली होती. फार नव्हती, चाळणीतून गाळून पसरावी तेवढीच होती. आम्ही आठ जण एका ओळीत सायकली चालवीत होतो. माझ्या पुढच्या गृहस्थांनी डावा हात खाली सोडून बोटाने ती वाळू दाखवली. मी ती पाहिली, हँडल किंचित उजवीकडे घेतले आणि पुढे गेले. लगेच मागून टायर सरकल्याची खरखर ऐकू आली आणि पाठोपाठ धातू डांबरावर आपटल्याचा आवाज झाला. थांबून वळून पाहिले तेव्हा माझ्या मागच्या बाई रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या, त्यांचा एक बूट अजून पेडलमध्ये अडकलेला होता, कोपराजवळ बाही फाटली होती, आणि माझ्याकडे पाहत, मान लववून त्या म्हणत होत्या, "सुमिमासेन."

मग बाकीचेही माफी मागू लागले. ओळीच्या अग्रभागी असणारे आमचे म्होरके, वयाने सत्तरीला टेकलेले, सायकल भिंतीला लावून मागे धावत आले आणि 'मी वेग आधीच कमी करायला हवा होता' असे म्हणून त्या बाईंपुढे वाकले. माझ्या पुढचे गृहस्थ म्हणाले की आपण हात फार उशिरा दाखवला. ओळीच्या शेवटी असलेला तरुण म्हणाला की मागच्या गाड्यांवर लक्ष ठेवण्याच्या नादात त्याचे पुढे लक्ष राहिले नाही. बाई पुन्हा म्हणाल्या की आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा झाला. रस्त्याच्या कडेला, वाऱ्यात, सात माणसे एकमेकांची माफी मागत होती. जिची चूक होती ती मी आठवी, आणि मी एक अक्षर बोलले नाही.

माझ्या पुढच्या गृहस्थांनी दाखवलेली खूण मी मागे दिली नव्हती.

गटाने सायकल चालवण्याची सवय नसलेल्यांना यात एवढे काय, असे वाटेल. जपानमध्ये दोन सायकली शेजारी शेजारी चालवायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे गट म्हणजे सरळ एक ओळ असते. ओळीत तुमच्या डोळ्यांपुढे रस्ता नसतो, पुढच्याची पाठ असते. त्या पाठीपलीकडचा खड्डा, गटाराची जाळी, उभी असलेली मोटार, हे सगळे तुम्हाला त्याच्या हातावरून कळते. पंजा उघडून पाठीवर टेकवला की थांबायचे, तळवा खाली करून हलवला की वेग कमी करायचा, बोट रस्त्याकडे गेले की तिथे काहीतरी आहे. सोबत तोंडानेही 'तोमारिमाऽस' किंवा 'कुरुमाऽ' अशी आरोळी मागे मागे जात राहते, म्हणजे थांबतोय, गाडी येतेय. ही खूण पोहोचते कशी, तर लहानपणी आमच्या आळीत घराचा स्लॅब पडायचा त्या दिवशी मजुरांच्या रांगेतून काँक्रीटचे घमेले जसे हातोहात वर जायचे, तशी. घमेले घेऊन कोणी उभा राहिला तर रांग तुंबते आणि सगळ्यांना ते दिसते. खूण मात्र कोणी घेऊन ठेवली तर कोणाला काही दिसत नाही. मी ती घेतली आणि ठेवून दिली.

दिवसाची सुरुवात फार सुंदर झाली होती, हेही सांगितले पाहिजे. योकोहामाहून पहाटेच्या गाडीने मी उरागाला गेले. इथे सायकल रेल्वेने न्यायची तर चाके काढून संपूर्ण सायकल पिशवीत घालावी लागते, एखादा भागही बाहेर दिसता कामा नये. या पिशवीत सायकल घेऊन प्रवास करण्याला 'रिंको' असा स्वतंत्र शब्द आहे. अकरा वर्षे या देशात राहून मला अनेक गोष्टी जमल्या नाहीत, पण ही पिशवी मी दहा मिनिटांत बांधते, याचा मला नको तितका अभिमान आहे. उरागा हे त्या मार्गाचे शेवटचे स्थानक. बाहेर आल्यावर थंड हवेत डिझेलचा आणि समुद्राचा मिसळलेला वास आला. सगळ्यांनी शिरस्त्राणे बांधली, म्होरक्यांनी प्रत्येकाच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला, आणि मग आज काय पाहायचे याऐवजी कुठे काय धोका आहे याचीच यादी त्यांनी पाच मिनिटे सांगितली. बोगदे कुठे आहेत, कुठल्या उतारावर शेतातली माती रस्त्यावर येते, दुपारनंतर पश्चिमेचा वारा कुठे अंगावर येतो. वाळूचाही उल्लेख त्यांनी केला होता. मला आठवते.

उरागाहून डोंगराची एक छोटी खांदी ओलांडली की कुरिहामा येते. १८५३ च्या जुलैमध्ये अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी आपली चार काळी जहाजे घेऊन उरागासमोर नांगर टाकून बसला आणि इथल्या वाळूवर उतरून त्याने आपल्या राष्ट्राध्यक्षांचे पत्र दिले. त्या जागी १९०१ मध्ये उभारलेली शिळा आहे. आम्ही तिथे पाणी पिण्यापुरते थांबलो. समोरच्या धक्क्यावरून पलीकडच्या बोसो द्वीपकल्पाला जाणारी फेरी निघाली होती आणि गाडीत बसलेला एक कुत्रा काचेतून आमच्याकडे गंभीरपणे पाहत होता. तिथून पुढे दक्षिणेकडे उतरत जायचे. इथे भारतासारखीच वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे पूर्व किनाऱ्याने खाली जाऊन पश्चिम किनाऱ्याने वर आले की समुद्र दिवसभर आपल्या हाताशी राहतो आणि मध्ये कोणी येत नाही. साठ-एक किलोमीटर डावा कान लाटांना आणि उजवा मोटारींना दिलेला असतो.

मिउरा-काइगानच्या पुळणीवर आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे मुळे वाळत घातले होते. ज्यांनी हे पाहिले नाही त्यांना कसे सांगावे? समुद्राला समांतर बांबूंचे उंच मांडव उभारून त्यांवर हजारो पांढरे मुळे पाल्याला बांधून टांगलेले असतात आणि त्यांच्या फटींतून निळे पाणी दिसत असते. थंडीच्या वाऱ्यात ते सुकले, मऊ पडले की मिठात आणि कोंड्यात मुरवून त्यांचे ताकुआन नावाचे पिवळे लोणचे होते. खास मिउराचा म्हणून जो मुळा प्रसिद्ध आहे तो पोटात फुगलेला असतो आणि जमिनीतून उपटताना कमरेचा घाम काढतो. १९७९ च्या वादळात त्याचे पीक झोपले तेव्हा बहुतेक शेतकऱ्यांनी हिरव्या मानेचा, उपटायला सोपा मुळा धरला. म्होरक्यांच्या मते त्या दिवसापासून हिवाळ्यातल्या रश्श्याची चव गेली. मला मात्र ते मांडव पाहताना उन्हाळ्यातले गच्चीवरचे वाळवण आठवत होते. कुरडया राखायला काठी घेऊन बसवलेली मी, आणि पाण्याच्या टाकीवर बसून माझी नजर चुकण्याची वाट पाहणारा कावळा. इथे कावळ्याच्या जागी घार असते. या किनाऱ्यावरच्या घारी माणसाच्या हातातला घास पाठीमागून येऊन उचलतात, तशा सूचनांचे फलकही लावलेले आहेत. आमच्यातल्या एकाच्या हातातला भाताचा गोळा त्या सकाळी असाच गेला. त्याला पंख लागलेसुद्धा नाहीत. तो रिकाम्या बोटांकडे पाहत राहिला आणि सगळे पोट धरून हसलो. पडलेल्या बाई सर्वांत जास्त हसल्या होत्या. तेव्हा त्या अजून पडलेल्या नव्हत्या.

हे लिहिताना मला वडिलांची सायकल सारखी आठवते. काळी, चोवीस इंची, अ‍ॅटलस. श्रावणातल्या सोमवारी ते आम्हा दोघा भावंडांना तिच्यावर घालून सांगलीहून हरिपूरला संगमेश्वराच्या जत्रेला नेत. धाकटा म्हणून भाऊ पुढे दांडीवर टॉवेलाच्या घडीवर बसे, आणि मी मागे कॅरिअरवर. भावाला सगळा रस्ता दिसे, घंटीही वाजवायला मिळे. मला वडिलांचा शर्ट दिसे. त्या शर्टाला पाठीवर घामाचा एक नकाशा उमटत जाई आणि तो कुठपर्यंत आला यावरून हरिपूर किती राहिले याचा मी अंदाज बांधी. वडील मधूनच म्हणत, "खड्डा!" म्हटले की मी दोन्ही हातांनी कॅरिअरची सळई धरून क्षणभर अंग उचलत असे, खालून धक्का जाई, आणि मी परत बसे. भावाला ते कधी 'खड्डा' म्हणाले नाहीत, त्याला दिसतच होता. ती हाक फक्त माझ्यासाठी होती आणि तिच्यामुळे मागे बसण्याचा कमीपणा मला कधी वाटला नाही. एकदा मात्र रस्त्यात त्यांना कचेरीतले कोणी भेटले, दोघे शेजारी शेजारी सायकल चालवीत बोलू लागले आणि बोलण्याच्या नादात खड्डा सांगायचा राहिला. मी उडून सळईवर अशी आदळले की डोळ्यांत पाणी आले. वडील वळून माझ्यावरच खेकसले, "घट्ट धरून बसायला काय होतं गं तुला?" जत्रेत त्या दिवशी मला चिरमुऱ्यांबरोबर न मागता भेंडबत्तासेही मिळाले, आणि माझ्या बाजूने तो विषय तिथेच मिटला. त्यांच्या बाजूने केव्हा मिटला, हे मी कधी विचारले नाही.

'सुमिमासेन' या शब्दाचा मूळ अर्थ 'हे मिटत नाही' असा आहे. 'सुमु' म्हणजे मिटणे, संपणे, आणि त्याचा हा नकार. अर्थात रोजच्या बोलण्यात इतक्या खोलात कोणी जात नाही. उपाहारगृहात वाढप्याला बोलवायचे तरी सुमिमासेन, कोणी दार धरून ठेवले तरी सुमिमासेन, पायावर पाय पडला तर ज्याचा पाय चेंगरला तोही सुमिमासेन म्हणतो. अकरा वर्षांनंतरही या शब्दाचे वजन मला तळहातावर घेऊन सांगता येत नाही. कधी तो पिसासारखा असतो, आणि कधी, एखाद्या सरळ रस्त्यावर अचानक, त्याच्याखाली आपण दबतो. माझ्या मागून कोणी तरी "लक्ष कुठं होतं तुझं?" असे जर मोठ्याने विचारले असते, तर मी उत्तर दिले असते. माझ्याकडे उत्तर तयार होते.

लक्ष फूजीकडे होते.

त्याआधी आम्ही मिसाकी बंदरावर जेवलो होतो. दूरच्या समुद्रातून गोठवून आणलेल्या टूनाचे हे बंदर. भातावर लाल कापांची फुलासारखी मांडणी करून देतात, आणि थंडीत बाहेर उभ्याने खायला टूनाचे सारण भरलेली वाफाळती बन मिळते. ती हातात धरली की बोटांना पुन्हा जीव येतो. पूल ओलांडून जोगाशिमा बेटावरही गेलो. तिथल्या खडकांत फिकट आणि काळ्या थरांच्या पट्ट्या एकाआड एक अशा तिरप्या पडल्या आहेत की कोणी पाटवड्या कापून ताटात कलत्या लावल्यासारखे वाटते. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात हा सगळा किनारा सुमारे दीड मीटर वर उचलला गेला. आपण ज्या सपाट खडकावर उभे राहून छायाचित्रे काढतो तो शंभर वर्षांपूर्वी लाटांखाली होता, हे म्होरक्यांनी सांगितले तेव्हा मी नकळत एक पाऊल मागे घेतले. सुळक्यावर हिवाळ्यात येणारे पाणकावळे ओळीने बसले होते. पण त्या दुपारचे मला जे आठवते ते मुख्यतः उजेडाचे. डिसेंबरात सूर्य लवकर कलतो आणि दोन वाजताच सावल्या चार वाजल्यासारख्या लांबतात. कोबीच्या शेतांमधून चढउतार करीत आम्ही पश्चिम किनाऱ्यावर आलो तेव्हा सांगितल्याप्रमाणे वारा समोरून आणि डावीकडून येऊ लागला. बोलणे बंद झाले. प्रत्येक जण पुढच्याच्या पाठीआड दडून पायडल मारू लागला. माझे जग पुन्हा एक पाठ झाले होते, या वेळी पिवळ्या जाकिटातली, आणि मी त्या पाठीकडे पाहत कुठेतरी हरिपूरच्या रस्त्याला लागले असणार.

त्याच वेळी डावीकडची भिंत संपली. काँक्रीटची उंच भिंत, तिच्यामागे एक घर, दोन वाकडी पाइनची झाडे, हे सगळे एकदम मागे गेले आणि सागामी उपसागर उघडा पडला, आणि त्याच्यापलीकडे, हाकोनेच्या निळ्या डोंगरांच्या वर, फूजी उभा होता. सकाळपासून तो दिसला नव्हता. पूर्व किनाऱ्यावरून दिसायचा प्रश्नच नव्हता, आणि हिवाळ्यातही दुपारपर्यंत त्याच्याभोवती ढग जमतात म्हणून मी आशा सोडली होती. अर्ध्या अंगापर्यंत बर्फ, एका बाजूने उतरत्या उन्हाची कड, आणि खाली पाणी इतके चकाकत होते की पर्वत कशावर टेकला आहे ते कळू नये. अकरा वर्षांत मी त्याला गाडीतून, गच्चीवरून, विमानातून कितीदा पाहिले असेल. तरी दर वेळी आधी काही तरी दुसरेच पाहत असताना तो दिसतो आणि तोंडातून 'अगं बाई' निघते. त्याच क्षणी पिवळ्या जाकिटाचा हात खाली गेला. डोळ्यांनी तो टिपला, हातांनी हँडल वळवले. मला जे करायचे होते ते शरीराने केले. मागच्यासाठी जे करायचे होते त्याला मन लागते, ते तिकडे पाण्यापलीकडे होते.

बाईंना फारसे लागले नाही. कोपर आणि नितंब खरचटले, म्होरक्यांनी आपल्या चिमुकल्या पेटीतून जंतुनाशक काढून जखम धुतली, मागच्या गिअरची वाकलेली पट्टी हाताने दाबून सरळ केली, आणि पंधरा मिनिटांत आम्ही पुन्हा निघालो. पुढे तातेइशी लागला, समुद्रातून बारा मीटर उभा राहिलेला खडक, आणि त्याच्या बाजूला फूजी, म्हणजे या किनाऱ्याचे सर्वांत देखणे दृश्य. सगळ्यांनी तिथे थांबून छायाचित्र काढले. त्यात बाई फाटकी बाही पाठीमागे लपवून हसत आहेत आणि मी त्यांच्या शेजारी उभी आहे. हायामा ओलांडून झुशीपर्यंत मी दगड, जाळी, पान, पाण्याचा ओघळ, काही म्हणजे काही सोडले नाही. प्रत्येक गोष्टीकडे इतक्या ठळकपणे बोट दाखवत गेले की मागून बाईंना ती खूण न वाटता एखाद्या नव्या भरतीचा कवायतीचा सराव वाटला असेल.

झुशी स्थानकाबाहेर सायकली उलट्या करून आम्ही चाके काढू लागलो तेव्हा अंधारून आले होते. एकेक जण 'ओत्सुकारेसामा', म्हणजे 'दमलात हो', म्हणत फलाटाकडे गेला. बाईंच्या पिशवीची नाडी थंडीने आखडलेल्या बोटांना बांधवेना, म्हणून मी ती धरली. मग धीर करून म्हटले की दुपारी ती खूण माझ्यापर्यंत आली होती, मी तुम्हाला दिली नाही, मी फूजीकडे पाहत राहिले. हे वाक्य जपानीत मी गेली दहा-एक किलोमीटर मनात घोळवत आले होते आणि तरीही त्याचा शेवट चुकला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग नाडीची गाठ ओढून घट्ट केली आणि म्हणाल्या, "मीसुद्धा फूजीकडेच पाहत होते."

आणि हसल्या. पिशवी खांद्याला लावताना त्यांच्या हँडलच्या फाटलेल्या पट्टीतून थोडी वाळू फरशीवर सांडली.

तेव्हापासून माझ्यापुढे दोन शक्यता आहेत. एक, त्या खरेच बोलल्या. मी खूण दिली असती तरी ती त्यांना दिसली नसती. दुसरी, त्यांनी माझ्याकडून ओझे काढून घेतले आणि वर ते सहज, चहाची बशी उचलून न्यावी तसे नेले. पहिली खरी असेल तर मी उगीच कुढते आहे. दुसरी खरी असेल तर मी आता त्यांचे दोन प्रकारे देणे लागते. नवऱ्याला सांगितले तर तो म्हणाला, पडल्या, उठल्या, घरी गेल्या, तू अजून वळणावरच आहेस. ते खरेच होते. कारण मला सतत वाटत होते की हा प्रश्न भूमितीचा आहे. त्या माझ्यामागे दोन सायकलींच्या अंतरावर होत्या. वाळू जिथे सुरू होते तिथून तेवढे मागे गेले तर भिंत आड येते की फूजी दिसतो? दिसत असेल तर त्या खरे बोलल्या. दिसत नसेल तर नाही.

म्हणून मार्चमध्ये एका आठवड्याच्या सुटीत मी एकटी मिसाकिगुचीपर्यंत गाडीने गेले, पिशवी सोडली, आणि त्याच दिशेने, त्याच बाजूने, उत्तरेकडे सायकल चालवीत आले. मुळ्यांचे दिवस संपले होते. आता छोट्या बंदरांमध्ये दोऱ्यांवर चिमटे लावून वाकामे नावाचा खायचा समुद्री पाला वाळत घातला होता, ओल्या परकरांसारखा हिरवा-काळा आणि लांबच लांब, आणि साऱ्या रस्त्याला आयोडीनचा वास होता. वळण मला लगेच ओळखू आले. वाळूही होती, बहुधा ती तिथे नेहमीच असावी. सायकल भिंतीला टेकवून मी वाळूच्या कडेवर उभी राहिले, मग मोजून दहा पावले मागे गेले आणि डावीकडे पाहिले.

वसंतातल्या धुक्याने समुद्र अर्ध्यातच पुसून टाकला होता. फूजी नव्हता, हाकोने नव्हते, एनोशिमा बेटाचा उंचवटासुद्धा नव्हता. पाइनची दोन झाडे, भिंतीची कड आणि तिच्यापलीकडे नुसता दुधी उजेड. पर्वत नेमका कुठे असायला हवा याचा मी बोटाने अंदाज घेत राहिले, कधी तो झाडाच्या या बाजूला येई, कधी त्या.

मागून घंटी वाजली. पुढे टोपली असलेल्या घरगुती सायकलीवरून एक आजीबाई येत होत्या, उन्हाची टोपी हनुवटीखाली बांधलेली, टोपलीत वसंतातल्या कोबीचे दोन मोठे गड्डे. मी घाईघाईने कडेला झाले आणि डावा हात खाली करून त्यांना वाळू दाखवली. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, वाळूकडे पाहिले नाही. हसून मान लववली, आणि वेग तसूभरही कमी न करता सरळ त्या वाळूतून सायकल नेली. चाक किंचित हलले, टोपलीतले गड्डे एकदा उडून परत बसले, आणि त्या वळणाआड दिसेनाशा झाल्या.